बेटाचं तिकीट काढण्याआधी

नीटचा निकाल लागला की महाराष्ट्रात दरवर्षी तोच वाद पेटतो. गुण कमी पडले, आता जॉर्जिया, रशिया की फिलिपिन्स? एका बाजूला 'पैसे मोजून डॉक्टर होतात' हा राग, दुसऱ्या बाजूला 'सरकारी जागा मूठभर, खासगीची फी आवाक्याबाहेर, मग पोरांनी करायचं काय?' हा सवाल. दोन्हींत तथ्य आहे. पण हाच वाद जसाच्या तसा उचलून न्यू जर्सी-टेक्सासच्या मराठी घरांत आणला जातो, तिथे मुलांचं नुकसान होतं. कॉलेजात जीपीए (चारपैकी सरासरी गुणांक) 3.1 वर अडकला की घरात पहिलं वाक्य येतं, 'इथे मेडिकलला नाही मिळालं तर कॅरिबियनच्या बेटावरच्या कॉलेजात पाठवू.'

नीट म्हणजे एका दुपारी 720 गुण. हुकलं की पुढच्या वर्षी पुन्हा शून्यापासून. अमेरिकेत मेडिकलला पदवीनंतर प्रवेश मिळतो. पदवीचा जीपीए कधीच पुसला जात नाही, पण त्यात भर घालता येते. म्हणून इथल्या मुलासाठी बेट हा पहिला नाही, शेवटचा पर्याय असायला हवा.

हिशेब करून बघू. 120 क्रेडिट 3.0 ने झालेत. पदवीनंतर आणखी 30 क्रेडिट घेतले आणि सगळ्यांत ए, म्हणजे 4.0, मिळवला, तरी एकूण जीपीए 3.2 च होतो. निराश व्हायला होतं. पण एमडी (अमेरिकेतली डॉक्टरकीची मूळ पदवी) कॉलेजांच्या अर्जात जीवशास्त्र, रसायन, भौतिक आणि गणित यांचा जीपीए वेगळा मोजतात. तिथे 50 क्रेडिट 2.8 चे असतील, तर याच विषयांत घेतलेल्या त्या 30 क्रेडिटने तो 3.25 वर जातो. शिवाय प्रवेश समिती गुणपत्रक वर्षावर्षाने वाचते. दुसऱ्या वर्षाच्या पहिल्या सत्रात ऑरगॅनिक केमिस्ट्रीत सी प्लस, भौतिकात सी, तिसऱ्या वर्षी बी प्लस, आणि नंतर बायोकेमिस्ट्री, फिजिओलॉजीत सलग ए, असं गुणपत्रक आणि चारही वर्षं सपाट 3.1 असलेलं गुणपत्रक यांत खूप फरक आहे.

इथे एक जुना सल्ला अजून फिरतो: 'विषय पुन्हा दे, जुना ग्रेड जातो.' जात नाही. एमडी कॉलेजांची केंद्रीय अर्जव्यवस्था दोन्ही प्रयत्न मोजते. डीओ (डॉक्टरकीची दुसरी, ऑस्टिओपॅथिक पदवी) कॉलेजांची व्यवस्था पूर्वी फक्त नवा ग्रेड धरायची. तेही 2017 मध्ये बंद झालं. कम्युनिटी कॉलेजातला एखादा उन्हाळी विषयसुद्धा लपवता येत नाही. टेक्सासमध्ये मात्र दहा वर्षांपूर्वीचे क्रेडिट बाजूला ठेवण्याची सोय आहे, पण मग ते क्रेडिट पूर्णच सोडावे लागतात.

एक वर्षाचा विशेष मास्टर्स हाही मार्ग आहे, पण तो दुधारी आहे. त्याचे ग्रेड पदवीच्या जीपीएत मिसळत नाहीत, वेगळे दिसतात. बऱ्याच ठिकाणी मेडिकलच्या पहिल्या वर्षाचेच विषय असतात. तिथे 3.7 आला तर जुनी शंका मिटते, 3.2 आला तर ती पक्की होते. एमकॅट (अमेरिकेतली मेडिकल प्रवेशपरीक्षा) अजून 500 च्या खाली असेल, तर आधी एमकॅट.

आणि डीओ. 'म्हणजे हाडवैद्य का?' असा प्रश्न गावाकडच्या फोनवर हमखास येतो. अमेरिकेत डीओ म्हणजे पूर्ण परवान्याचा डॉक्टर. औषधं, शस्त्रक्रिया सगळं करतो. एमडीला प्रवेश मिळालेल्यांचा सरासरी जीपीए 3.8 च्या आसपास आणि एमकॅट 511-512 असतो. डीओला साधारण 3.6 आणि 504. 2024 च्या मॅचमध्ये, म्हणजे रेसिडेन्सीच्या (पदवीनंतरच्या प्रशिक्षणाच्या) जागावाटपात, एमडीच्या शेवटच्या वर्षाच्या 93.5 टक्के विद्यार्थ्यांना जागा मिळाली, डीओच्या 92.3 टक्क्यांना. परदेशात शिकून आलेल्या अमेरिकन नागरिकांना सुमारे 67 टक्के. नातेवाइकांना समजावायला अवघड जातं म्हणून डीओ सोडून बेटावर जाणं म्हणजे हा फरक स्वखुशीने अंगावर घेणं.

या 67 टक्क्यांत न दिसणारी मुलंही आहेत. कॅरिबियनच्या कॉलेजांत प्रवेश सोपा, वर्षात दोन-तीन तुकड्या. पहिली दोन वर्षं बेटावर मूलभूत विषय, मग अमेरिकेतल्या रुग्णालयांत रोटेशन, म्हणजे वॉर्डांतलं प्रशिक्षण. यूएसएमएलई या अमेरिकेतल्या परवाना परीक्षेच्या स्टेप 1 ला बसायच्या आधी बहुतेक कॉलेजं एक सर्वंकष चाचणी घेतात. तीत ठरलेला गुणांक आला नाही तर परवानगी नाही; सत्र वाढतं, फी वाढते, आणि काही जण तिथेच गळतात. माहितीपत्रकातला उत्तीर्णांचा टक्का म्हणजे परीक्षेला बसू दिलेल्यांचा टक्का. 2022 पासून स्टेप 1 ला फक्त पास-नापास असल्यामुळे तिथे चमकून दाखवायची सोयही गेली. सगळं वजन स्टेप 2 वर आलं. ज्या मुलाला 3.1 का पडला हेच नीट उमगलेलं नाही, त्याच्यासाठी घरापासून दूर, धावत्या वेळापत्रकात ते उमगणं आणखी अवघड.

पैशाचंही गणित बदललं आहे. मोठ्या बेटांवरच्या कॉलेजांत शिक्षणाची फीच साधारण अडीच लाख डॉलरच्या पुढे जाते. 1 जुलै 2026 पासून नव्या कर्जदारांसाठी ग्रॅड प्लस (पदवीनंतरच्या शिक्षणाचं सरकारी) कर्ज बंद, आणि व्यावसायिक पदवीला संघीय कर्जाची मर्यादा वर्षाला 50,000, एकूण 2 लाख डॉलर. उरलेलं खासगी कर्ज, म्हणजे आई-बाबांची सही. मॅच झाली नाही तरी हप्ता चुकत नाही.

'मग भारतातच एमबीबीएस करू दे' हाही आग्रह होतो. तिथे कॉलेजचा जीपीए कोणी विचारत नाही, पण नीट द्यावी लागते आणि बारावीच्या पातळीचे भौतिक, रसायन, जीवशास्त्र दाखवावे लागतात. 4 मार्च 2021 नंतर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्यांचं) मिळालं असेल तर फक्त एनआरआय जागा. साडेपाच वर्षं, आणि अमेरिकेत परतायचं तर नागरिक असूनही स्टेप परीक्षा आणि परदेशी पदवीधराचीच रांग. प्रशिक्षण मात्र खरं मिळतं, पेशंट भरपूर. पण मिरजेच्या वॉर्डात आजी 'पोटात कळ येतीया, अंग मोडून आलंय' म्हणाल्या की ते समजायला हवं. घरी मराठीत उत्तर न देणाऱ्या मुलाला हा विचार आधीच सांगा.

उलट दिशेचीही समजूत चुकीची आहे: बेटावरची पदवी घेऊन पुण्यात दवाखाना टाकू. भारताच्या 2021 च्या नियमांत किमान 54 महिन्यांचा अभ्यासक्रम आणि 12 महिन्यांची इंटर्नशिप त्याच परदेशी संस्थेत लागते. चार वर्षांच्या, निम्मा भाग अमेरिकेत होणाऱ्या कोर्सला हे जमत नाही.

दोन वर्षं दुरुस्ती, चांगला एमकॅट, एमडी आणि डीओ दोन्हीकडे वेळेत, म्हणजे जून-जुलैतच गेलेले अर्ज, आणि तरीही नकार. तेव्हा बेटाचा विचार रास्त आहे. त्या वेळी कॉलेजला लेखी विचारा: चार वर्षांपूर्वीच्या तुकडीत किती जणांनी प्रवेश घेतला, त्यांतले किती जण एकही सत्र न वाढवता स्टेप 1 पास झाले, किती जणांना पहिल्याच मॅचमध्ये जागा मिळाली, आणि हे पुढचे दोन्ही आकडे त्या पहिल्या आकड्याच्या टक्केवारीत. 'सरासरी' किंवा 'पात्र विद्यार्थ्यांपैकी' अशी उत्तरं आली तर पुन्हा विचारा.