नसलेल्या झाडापासून शंभर मीटर

सान होजेचं नाव माझ्यापुढे काढू नका. आणि काढलंच तर मग पूर्ण ऐकून घ्या.

कोस्टा रिकाला जाऊन आलेले लोक ज्वालामुखी सांगतात, स्लॉथ सांगतात, समुद्र सांगतात. राजधानीत एक रात्र काढून पहाटे पळ काढतात. आम्ही जास्त शहाणे. आई पुण्याहून न्यू जर्सीला आमच्याकडे आलेली, तिच्या गुडघ्यांना डोंगर झेपत नाहीत, म्हणून म्हटलं तीन दिवस शहरातच राहू. १८९७ चं नॅशनल थिएटर बघू, प्लाझाच्या पोटातलं सोन्याचं म्युझियम बघू, मर्कादो सेंत्राल या जुन्या मंडईत कॉफी घेऊ. सगळं बघितलं. छान आहे. तक्रार त्याची नाहीच.

तक्रार ही आहे की या शहरात पत्ता ही वस्तूच नाही.

खोलीच्या बुकिंगवर लिहिलेलं होतं, 'चर्चपासून २०० मीटर दक्षिण, ५० मीटर पूर्व, पांढरं फाटक.' मला वाटलं ही वरची खूण आहे, खरा पत्ता खाली असेल. खाली फोन नंबर होता. विमानतळ शहरात नाहीच, तो शेजारच्या अलाहुएलात. तिथून नारिंगी टॅक्सीने आलो. ड्रायव्हरने चर्चला वळसा घातला, मग दुसऱ्या बाजूने वळसा घातला, मग मालकिणीला फोन लावला आणि दोघं दहा मिनिटं बोलत बसले. मीटर चालू. बाहेर धो धो पाऊस. (मे ते नोव्हेंबर दुपारी पाऊस येणारच, हे आम्हाला तिकिटं काढल्यावर कळलं. ती चूक आमची.) त्या गल्लीत पांढरी फाटकं चार होती.

बरं, १०० मीटर म्हणजे १०० मीटर असावेत ना? नाहीत. १०० मीटर म्हणजे या कोपऱ्यापासून पुढच्या कोपऱ्यापर्यंत, मग तो कोपरा कुठे का असेना. पूर्वी स्पेनचं 'वारा' नावाचं माप होतं, साधारण ८४ सेंटिमीटरचं, आणि शंभर वारा म्हणजे एक चौकट, म्हणजे ब्लॉक. म्हातारी माणसं अजून तसंच बोलतात. आई लगेच खूश, "म्हणजे आपला वारच की गं, नऊवारीतला!" नवराही खूश, "किती गोड आहे ना?" हातात फोन धरून पावलं मोजत, भिजत मी चाललेय, आणि यांना गोड वाटतंय.

वर दिशा उत्तर-दक्षिणेतच सांगणार. डावीकडे-उजवीकडे म्हणायचं नाव नाही. इथल्या लोकांना उत्तरेला बार्वा, पूर्वेला इराझू, नैर्ऋत्येला एस्कासूचे डोंगर दिसतात, त्यावरून कळत असेल. मला ढग दिसत होते. चारही बाजूंना सारखेच.

कोणी म्हणेल रस्त्यांना नंबर आहेत की. आहेत! तेच तर. उत्तर-दक्षिण रस्ता म्हणजे काये, पूर्व-पश्चिम म्हणजे अवेनिदा. मधल्या रस्त्याच्या पूर्वेला सगळ्या विषम कायेस, पश्चिमेला सगळ्या सम. अवेनिदांचं तसंच, उत्तरेला विषम, दक्षिणेला सम. म्हणजे एक नंबरच्या शेजारी दोन नंबर नाही, तीन नंबर. दोन नंबर पार पलीकडच्या अंगाला. मी पाच नंबरवरून सहा नंबर शोधत पुढे पुढे जात राहिले आणि पार अकरापर्यंत पोचले. २०१२ च्या सुमारास महापालिकेने रीतसर पाट्या लावायला घेतल्या म्हणे. पाट्या दिसतातही. पण त्या वाचणारी अख्ख्या शहरात बहुधा मी एकटी. टॅक्सीवाल्याला काये-अवेनिदा सांगा, तो तुमच्याकडे असा बघतो जणू तुम्ही अक्षांश-रेखांश सांगितलेत, आणि मग विचारतो, "पण कशाच्या जवळ?"

आता खरा कहर. दुसऱ्या दिवशी जेवायला सान पेद्रोला जायचं ठरलं, विद्यापीठाकडचा भाग. पत्ता, 'जुन्या हिगेरोनपासून दक्षिणेला १०० मीटर.' हिगेरोन म्हणजे अंजिराच्या कुळातलं भलंमोठं झाड, आपल्या वड-पिंपळाचं भाऊबंद. म्हटलं चला, एवढं मोठं झाड तरी दिसेल. वीस मिनिटं आम्ही तिघं झाड शोधतोय. शेवटी एका पोराने हसत सांगितलं, ते झाड केव्हाच गेलं. त्या पोराने स्वतः ते कधी पाहिलेलं नव्हतं! पण त्याला ते कुठे आहे हे नीट माहीत होतं. कुठे *नाही* हे, म्हणायला पाहिजे.

बसचंही तेच. एक मोठा स्टँड नाही, दिशेप्रमाणे आणि कंपनीप्रमाणे ठिकाणं वेगळी. आमची बस 'ला कोका-कोला'वरून सुटते असं कळलं. तिथे कोका-कोला नाही. पूर्वी बाटल्या भरायचा कारखाना होता, तो गेला, नाव राहिलं.

थांबा, पुणेकरांनो, मला माहितेय तुम्ही काय म्हणणार. लकडी पूल कुठे लाकडाचा आहे? मान्य. पण तो पूल आहे! त्यावरून बस जाते! लाकूड गेलं, पूल राहिला. इथे झाडच गेलं आणि पत्ता त्याच्या मुळाशी बसलाय. आणि आमच्या आळीतला पोस्टमन खुणा विचारतो हे खरं, पण घराला नंबर असतो हो. दारावर पाटी असते. पाटीवर दुपारी एक ते चार बेल वाजवू नये हेसुद्धा असतं.

सगळ्यात जास्त राग कशाचा आला सांगू? माणसांचा. कारण त्यांच्यावर रागावताच येत नाही. 'माहीत नाही' असं एकानेही म्हटलं नाही. प्रत्येकाने हातातली कामं टाकून, तोंडभर हसून, पूर्ण खात्रीने चुकीची दिशा दाखवली. आभार मानले की "कोन मुचो गुस्तो", म्हणजे 'अगदी आनंदाने'. वैतागून मान हलवली की "पुरा विदा", शब्दशः 'शुद्ध जीवन', म्हणजे सगळं मस्त. एका आजींनी आमच्याबरोबर दोन चौकटी चालत येऊन आम्हाला चुकीच्या चर्चपाशी सोडलं आणि आईचा गालगुच्चा घेऊन गेल्या. मी कोणावर ओरडू?

त्याच रात्री फुटपाथच्या कडेच्या उघड्या गटारात आईचा पाय गेला. तिथली गटारं खोल असतात, एवढा पाऊस वाहून न्यायचा म्हणून. नशीब, नुसती चप्पल गेली. ती वाहत कुठे गेली विचाराल तर सांगते, जुन्या हिगेरोनच्या दिशेने गेली असेल.

आणि हे काही मागासलेलं गाव नाही. १८८४ साली या शहराने रस्त्यावर विजेचे दिवे लावले. बेल्जियमहून अख्खी धातूची शाळा सुटी करून जहाजाने आणली आणि इथे जोडून उभी केली. १९४८ मध्ये तेव्हाचे सत्ताप्रमुख फिगेरेस यांनी बेयाविस्ता या लष्करी बराकीच्या भिंतीवर हातोडा मारला आणि देशाने सैन्य मोडीत काढलं. त्या बराकीत आता नॅशनल म्युझियम आहे, भिंतीवरच्या गोळ्यांच्या खुणा आम्ही बघून आलो. अख्खी फौज घरी पाठवता येते यांना. दारावर एक आकडा ठोकता येत नाही?

परत आलो. आईची शाल खोलीवर राहिली होती. मालकीण भली बाई, तिने स्वतःहून कळवलं की कुरियरने पाठवते, पत्ता द्या. मी दिला. घर नंबर, रस्ता, गाव, राज्य, झिप कोड, सगळं. काल तिचं उत्तर आलं. आभार मानलेत, आईच्या पायाची चौकशी केलीय, आणि खाली विचारलंय, "आणि घरासमोर काय आहे?"

नवरा म्हणतो, लिही ना, पेट्रोल पंप आहे.

नाही लिहिणार.