जेंडर स्टडीजची पदवी आणि कर्जाचा हिशेब

अमेरिकेतल्या मराठी मंडळांच्या जेवणावळींत मुलांच्या मेजरचा, म्हणजे पदवीसाठी निवडलेल्या मुख्य विषयाचा, उल्लेख निघाला की एक विनोद हमखास होतो: मुलीने जेंडर स्टडीज (लिंगभावाचा अभ्यास) किंवा एथ्निक स्टडीज (वांशिक समूहांचा अभ्यास) घेतले, तर ती कॉफीच्या दुकानात उभी राहणार आणि कर्ज आईवडील फेडणार. यातला पगाराचा भाग मी नाकारत नाही. कॉम्प्युटर सायन्स किंवा नर्सिंगच्या तुलनेत या विषयांचे पदवीधर सुरुवातीच्या वर्षांत बरेच कमी कमावतात आणि या विषयांची बाजू घेणाऱ्यांनी ते झाकून ठेवण्यात काही हशील नाही. माझा आक्षेप आहे तो कर्जाचे खापर विषयावर फोडण्याला.

पालकांवर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्याला फेडरल (केंद्र) सरकारकडून पहिल्या वर्षी जास्तीत जास्त ५,५०० डॉलर, दुसऱ्या वर्षी ६,५०० आणि त्यानंतर दरवर्षी ७,५०० डॉलर कर्ज मिळते. चार वर्षांचे हे २७,००० डॉलर होतात आणि कितीही वर्षे शिकले तरी एकूण मर्यादा ३१,००० च्या पुढे जात नाही. २०२४-२५ साली या कर्जावरचा व्याजदर ६.५३ टक्के होता. हे सगळे आकडे इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यालाही जसेच्या तसे लागू होतात. त्यामुळे एका मुलीवर कर्ज जास्त आणि दुसरीवर कमी असेल, तर त्याचे कारण बहुतेक वेळा कॉलेजची फी, घरातून मिळालेले पैसे आणि पालकांनी स्वतःच्या नावावर काढलेले कर्ज यांत सापडते. (पदवी अर्धवट सोडणाऱ्यांची अवस्था सर्वांत वाईट असते, पण त्यांच्यावर कोणी विनोद करत नाही.)

हे विषय मुळात जिथे रुजले, ती विद्यापीठे पाहिली तर हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. सॅन फ्रान्सिस्को स्टेटमध्ये नोव्हेंबर १९६८ मध्ये सुरू झालेला विद्यार्थ्यांचा संप मार्च १९६९ पर्यंत चालला आणि त्यातूनच तिथले कॉलेज ऑफ एथ्निक स्टडीज उभे राहिले. पुढच्याच वर्षी सॅन डिएगो स्टेटमध्ये विमेन्स स्टडीजचा, म्हणजे जेंडर स्टडीजच्या आधीच्या रूपाचा, अभ्यासक्रम सुरू झाला. दोन्ही विद्यापीठे कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी या सरकारी व्यवस्थेतली आहेत. तिथे राज्यातल्या विद्यार्थ्याची मूळ ट्यूशन फी २०२५-२६ साठी ६,४५० डॉलर होती. घरी राहून, आठवड्यात काही तास नोकरी करून तिथे शिकणारी मुलगी आणि राहण्याखाण्यासह वर्षाला ऐंशी-नव्वद हजार डॉलर मागणाऱ्या खासगी कॉलेजात, स्कॉलरशिप नसताना, तोच विषय घेणारी मुलगी यांचा हिशेब एकाच ओळीत मांडणे मला पटत नाही.

‘सर्वांत कमी पगाराचे मेजर’ अशा याद्या फिरत असतात, त्यांच्याबद्दलही थोडे सांगायला हवे. शिक्षण खात्याच्या कॉलेज स्कोअरकार्ड या संकेतस्थळावर २०१९ पासून विषयवार कमाई पाहता येते. एखादे कॉलेज उघडून या विषयाच्या ओळीपर्यंत गेलात, तर कमाईचा रकाना पुष्कळदा रिकामा दिसतो, कारण पदवीधर इतके थोडे असतात की आकडा छापला तर व्यक्ती ओळखू येईल. देशात वर्षाला सुमारे २० लाख बॅचलर पदव्या दिल्या जातात. त्यांत एरिया (जगातल्या विशिष्ट प्रदेशांचा अभ्यास), एथ्निक आणि जेंडर स्टडीज मिळून दहा हजारही भरत नाहीत. शिवाय या आकड्यांत फेडरल मदत घेतलेलेच विद्यार्थी मोजले जातात. त्यातही जेंडर स्टडीजच्या वर्गात मुली बहुसंख्य असतात आणि पूर्णवेळ काम करणाऱ्या पुरुषाच्या एका डॉलरमागे स्त्रीला २०२३ साली सुमारे ८३ सेंट मिळत होते, म्हणजे पगारातल्या तफावतीचा काही भाग विषय निवडण्याच्या आधीच ठरलेला असतो.

खरी धास्ती मला मास्टर्सची वाटते. या पदवीधरांपैकी अनेक जण पुढे सोशल वर्क, समुपदेशन किंवा शिक्षणाकडे वळतात. तिथे मास्टर्सशिवाय पुढे सरकता येत नाही आणि पगार मात्र बेताचाच राहतो. ग्रॅड प्लस या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठीच्या फेडरल कर्जाखाली कॉलेज सांगेल तेवढा खर्च उचलता येत असे, तोही २०२४-२५ साली ९.०८ टक्के व्याजाने. सरकारी किंवा ना-नफा संस्थेत नोकरी करून १२० हप्ते भरले की उरलेले कर्ज माफ होते हे खरे, पण त्या भरवशावर बाविसाव्या वर्षी मोठे कर्ज घ्यावे असे मी कोणाला सांगणार नाही. जुलै २०२५ च्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी ग्रॅड प्लस बंद केले आणि सामान्य मास्टर्सला वर्षाला २०,५०० व एकूण एक लाख डॉलरची मर्यादा घातली. हा भाग मला योग्य वाटतो.

त्याच कायद्यातली कमाईची कसोटी मात्र मला खटकते. एखाद्या पदवीचे विद्यार्थी चार वर्षांनंतर त्या राज्यातल्या फक्त हायस्कूल झालेल्या २५ ते ३४ वयाच्या कामगारांपेक्षा कमी कमावत असतील आणि असे तीनपैकी दोन वर्षे घडले, तर त्या अभ्यासक्रमाला फेडरल कर्ज मिळणार नाही. या कसोटीत विद्यार्थ्याने किती कर्ज घेतले हे कुठेच विचारलेले नाही. प्रामुख्याने नफा कमावणाऱ्या कॉलेजांसाठी आणि सर्टिफिकेट अभ्यासक्रमांसाठी असलेल्या आधीच्या नियमात निदान कर्जाचा हप्ता आणि कमाई यांचे गुणोत्तर तपासले जात होते. आता साडेसहा हजारांच्या फीची पदवी आणि साठ हजारांच्या फीची पदवी पगाराच्या एकाच पट्टीने मोजली जाईल, आणि मुलांचा पगार बरा निघाला तर महागड्या कॉलेजला फीबद्दल कोणी जाबही विचारणार नाही.