सामानाकडे लक्ष ठेवा

मी सीवूड्सला राहतो. नावात समुद्र आहे, जंगल आहे, आणि प्रत्यक्षात स्टेशनच्या डोक्यावर मॉल आहे. तिथून पाम बीच रोडला लागलं की पाम आहेत थोडेफार, रोड तर आहेच आहे, फक्त बीच तेवढा नाही. आहे ती ठाण्याची खाडी, खारफुटी, चिखल आणि थंडीत फ्लेमिंगो. गावाहून पाहुणे आले की हमखास विचारतात, बीच किती लांब आहे हो? मी आपला वाशीच्या दिशेने हात करतो आणि चहाचं विचारतो.

त्यामुळे आमच्या घराण्याचा समुद्राशी संबंध म्हणजे जुहू नाहीतर अलिबाग, आणि तिथला एक नियम वडिलांच्या काळापासून चालत आलाय, की सगळ्यांनी पाण्यात जायचं आणि एकाने सामानाकडे लक्ष ठेवायचं. तो एक म्हणजे आधी वडील होते, आता मी आहे. माझे समुद्रावरचे जेवढे फोटो आहेत त्या सगळ्यात मी चपलांच्या ढिगाशेजारी पिशव्या मांडीवर घेऊन बसलोय, एकात तर कुणाच्यातरी भाचीचा फ्लोटिंग डक पण माझ्या गळ्यात आहे.

तर या डिसेंबरात बायको म्हणाली, अंदमानला जाऊ पण गर्दीचं नको, जिथे कोणी नाही तिथे जाऊ. पोर्ट ब्लेअरला (२०२४ पासून ते श्री विजयपुरम झालंय, आमच्या आईच्या तोंडी मात्र अजूनही काळं पाणीच) सेल्युलर जेल बघितलं, आई सावरकरांच्या कोठडीपाशी हात जोडून बराच वेळ उभी राहिली, इथवर आम्ही चारचौघांसारखेच होतो. मग चारचौघे हॅवलॉकला गेले, आणि आम्ही फिनिक्स बे जेटीवरून सरकारी बोटीत बसून लाँग आयलंडला. हॅवलॉकचं नाव २०१८ मध्ये स्वराज द्वीप केलं आणि नीलचं शहीद द्वीप, लाँग आयलंड मात्र लाँगच राहिलं. बोटीतून किती वेळ लागतो ते अनुभवलं की नाव अगदी योग्य वाटतं.

तिथून लालाजी बे नावाच्या किनाऱ्यावर जायला दोन रस्ते. एक जंगलातून चालत, जो आईच्या गुडघ्यांनी ऐकताक्षणी नामंजूर केला, आणि दुसरा डुंगीने. डुंगी म्हणजे इंजिन लावलेली छोटी होडी. तिकडे बंगाली, तमिळ, रांचीकडून आलेले असे सगळे राहतात आणि आपापसात हिंदी बोलतात, त्यामुळे भाषेचा प्रश्न नव्हता, म्हणजे मला तरी तेव्हा तसं वाटलं. डुंगीवाल्याने आम्हाला किनाऱ्यापासून चांगलंच लांब, गुडघाभर पाण्यात उतरवलं. ओहोटी होती, खाली प्रवाळ, पुढे गेलं तर इंजिनाचा पंखा आपटेल म्हणाला. परत कधी येणार विचारलं तर म्हणे, "पानी चढ़ेगा तब आएगा." मी मान डोलावली. हे त्याचं टाइमटेबल आहे असं मी समजलो. त्यात माझ्यासाठी पण सूचना होती हे चार तासांनी कळलं.

किनारा कसा होता ते काय सांगू. पांढरी वाळू, मागे सरळसोट झाडांची भिंत, पाणी असं निळं की लेक म्हणाली फिल्टर नाही लावला तरी खोटं वाटेल. माणूस एक नाही. एकदोन झोपड्या दिसल्या त्याही बंद. पहिलं मिनिट आम्ही चौघं नुसते बघत उभे होतो, लग्नाच्या १९ वर्षांत एवढी शांतता आमच्यात पहिल्यांदाच. दुसऱ्या मिनिटाला बायको म्हणाली, "अहो, सामान कुठे ठेवायचं?"

म्हणलं अगं इथे चिटपाखरू नाही, कोण नेणार आहे?

"कोणी नाही असं वाटतं ना, तेव्हाच जातं."

याला उत्तर नाही. कुणाकडे असेल तर कळवा. मी वाळूत बसलो, दोन बॅगा, एक खाऊची पिशवी, चार जोड चपला, आणि चोर आलाच तर जंगलातूनच येणार असा हिशोब करून जंगलाकडे तोंड केलं. म्हणजे ज्या समुद्रासाठी एवढे पैसे घातले त्याच्याकडे माझी पाठ.

आता निर्जन किनाऱ्यावर बसणं हे काम वाटतं तितकं सोपं नाही. पहिली पंधरा मिनिटं बरं वाटतं, मग कान वाजायला लागतात. मोबाईलला रेंज नाही, भेळवाला नाही, घोडेवाला नाही, "नाही नको नाही नको" म्हणायला समोर कोणीच नाही, तर माणसाने वेळ कसा काढायचा? आईने दोनदा विचारलं, चहा मिळेल का रे कुठे? बायकोला वाचायला एक पाटी सापडली, ती मगरीची निघाली. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी असतात, खाड्यांच्या तोंडाशी जास्त, सहसा अशा जागी येत नाहीत हे मी तिला सांगितलं, पण "सहसा" हा शब्द तिने पकडून ठेवला आणि नंतर ती घोट्याच्या वर पाण्यात गेलीच नाही. बाथरूमचा विषय निघाला तेव्हा मी उदारपणे अख्ख्या जंगलाकडे हात केला. आई म्हणाली, "एवढ्या उघड्यावर?" अरे, एवढी झाडं आहेत! पण नाही, माणसं नसली की आडोसा पण आडोसा वाटत नाही बहुतेक.

मग लेक ओंजळभर शंख-शिंपले घेऊन आली आणि मला एकदाचं बोलायला मिळालं. इथून प्रवाळ उचलून न्यायचं नाही, मेलेला तुकडा सुद्धा नाही, १९७२ च्या वन्यजीव कायद्यात बरेच शंख पण येतात, एअरपोर्टला बॅग उघडायला लावतात, वगैरे मी सुरू केलं. तेवढ्यात तिच्या हातातला एक शंख चालायला लागला. ती किंचाळली, शंख पडला, आणि लगबगीने खाऊच्या पिशवीकडे निघाला. बघतो तर पिशवीत आधीच बारा-पंधरा जण. शंखातले खेकडे! चिवडा उघडा राहिला होता.

सांगायला लाज वाटते, पण मला आनंद झाला. तीस वर्षांच्या राखणीत पहिल्यांदा खरोखरचा चोर आला होता.

या खेकड्यांचं एक मात्र मानलं. शंख त्यांचा स्वतःचा नसतो, रिकामा मिळेल त्यात राहायचं, अंग वाढलं की मोठा शोधायचा. आणि एखादा मोठा शंख रिकामा मिळाला की हे लहान-मोठे साइझप्रमाणे रांग लावतात, सगळ्यात मोठा नव्या घरात, त्याच्या मागचा त्याच्या घरात, असं करत पाच मिनिटांत अख्खी रांग शिफ्ट. आमच्या सोसायटीचं रिडेव्हलपमेंट नऊ वर्षं अडकलंय, त्यातली चार वर्षं पार्किंग कुणाला किती यावर गेली. इथे जनरल बॉडी नाही, विरोधी गट नाही, दोन नंबरच्या विंगमधले ते एक काका नाहीत. मी हे सगळं लेकीला समजावत होतो, एकेक खेकडा चिवड्यातून उचलून बाजूला ठेवत होतो, तो वळून परत येत होता, आणि आम्ही दोघंही इतके रंगून गेलो होतो की...

...की माझी बसायची जागा ओली झाली.

आधी वाटलं पाण्याची बाटली सांडली. मग वळून बघितलं. ते जे लांबवर उघडं पडलेलं प्रवाळ होतं ते गायब, आणि समुद्र माझ्या मागे येऊन बसलेला. सपाट किनाऱ्यावर भरती अशी येते हो, आवाज नाही, लाट नाही, नुसतं सरकत सरकत, लोकलमध्ये तिघांच्या बाकावर टेकलेला चौथ्या सीटवरचा माणूस सरकतो तशी. एक बॅग अर्धी पाण्यात होती, कोरडे कपडे होते तीच. चपला तर बोटीसारख्या निघाल्या होत्या, आईच्या एका दिशेला, माझा डावा फ्लोटर एकटाच दुसऱ्या दिशेला. मी धावलो, खाली प्रवाळ टोचलं, बसलो, उठलो, परत धावलो. तीन जोड वाचले.

बायको ओली बॅग पिळत फक्त एवढंच म्हणाली, "एकच काम सांगितलं होतं."

बघता बघता साडेचार झाले आणि ऊन उतरलं. तिकडे डिसेंबरात पाचच्या सुमाराला सूर्य मावळतो, कारण घड्याळ आपलंच पण बेट आपल्यापेक्षा वीसेक अंश रेखांश पूर्वेला. आईचा यावर विश्वासच बसेना, म्हणाली घड्याळात पाणी गेलं असेल तुझ्या. शेवटी डुंगीचा आवाज आला. पाणी चढलं होतं, त्यामुळे स्वारी या वेळी थेट वाळूपर्यंत. हातातली काठी पुढे केली, तिच्या टोकाला माझा डावा फ्लोटर. "ये आपका है क्या? बोला था ना, पानी चढ़ेगा."

इथे गोष्ट संपली असती, पण मी चार तास वाळूत बसलो होतो, आणि वाळूत सँडफ्लाय असतात. दिसत नाहीत, चावलेलं कळत नाही, दुसऱ्या दिवशी कळतं, आणि मग रात्रंदिवस कळतच राहतं. खोबरेल तेल चोपडून बसायचं असतं, हे गेस्टहाऊसच्या मावशींनी आम्ही निघताना सांगितलं. जे पाण्यात होते त्यांना काही नाही. राखणदाराचे दोन्ही पाय घोट्यापासून गुडघ्यापर्यंत लालभडक, आणि खाजवू नका म्हणलं की जास्तच खाजतं.

सोमवारी सकाळी ८:१२ च्या लोकलमध्ये चौथी सीट मिळाली, म्हणजे टेकलो कसाबसा. नेरूळला पँट वर करून जरा खाजवलं. तिसऱ्या सीटवाल्याने बघितलं. सानपाड्याला परत खाजवलं, तो दुसऱ्याच्या अंगावर सरकला. वाशीचा पूल यायच्या आत खिडकीवाला म्हणाला, "काका, डॉक्टरला दाखवलंत का?" म्हणलं नाही हो, अंदमानला गेलो होतो. त्याने बॅग घेतली आणि दारात जाऊन उभा राहिला, मग तिसरा, मग समोरच्या बाकावरचे दोघं.

हार्बर लाइनला, सकाळच्या गर्दीत, चहूबाजूंनी रिकामी जागा. खिडकीतून खाडी दिसत होती, ओहोटी होती. मी बॅग शेजारच्या सीटवर ठेवली, पाय समोर पसरले आणि कुर्ल्यापर्यंत गाढ झोपलो.