सिंधूचं पाणी बंद करा म्हणे! ते ठेवणार कुठे?

काकांनी फॅमिली ग्रुपवर तो मेसेज टाकला आणि मी खरंच वैतागलो. आयुष्य पाटबंधारे खात्यात काढलेल्या माणसाने तरी असलं काही फॉरवर्ड करू नये ना! मेसेज थोडक्यात असा: पाकिस्तानशी असलेला नद्यांच्या पाणीवाटपाचा सिंधू करार स्थगित झालाय, आता गेट बंद केले की पाकिस्तान महिनाभरात कोरडा, ते सगळं पाणी दोन वर्षांत राजस्थानात, आणि नेहरूंनी १९६० मध्ये ८० टक्के पाणी फुकट देऊन वर ८३ कोटी रुपयेही दिले.

आधी गेटचं घेतो, सगळ्यात मोठा घोळ तिथेच आहे. सिंधू, झेलम, चिनाब या पाकिस्तानच्या वाट्याच्या, पश्चिमेच्या नद्या मिळून वर्षाला साधारण १३५ दशलक्ष एकर-फूट पाणी वाहतं, टीएमसीत सांगायचं तर ५,८०० च्या वर. सतलजवरच्या भाक्रा धरणाचा अख्खा जलाशय ३३० टीएमसीच्या आसपास. म्हणजे १७-१८ भाक्रा लागतील, आणि या तीन नद्यांवर आपल्याकडे त्या आकाराचं एकही धरण नाही. चिनाबवरची बगलिहार, सलाल ही धरणं विजेसाठी आहेत, पाणी थोडा वेळ धरायचं आणि टर्बाइनवरून खाली सोडायचं, साठा जेमतेम तेवढाच. मे २०२५ मध्ये गेट लावले तेव्हा अखनूरजवळ चिनाबचं पात्र उघडं पडलं, लोक पात्रात उतरले, ते व्हिडिओ सगळ्यांनी बघितले. पण जलाशय भरल्यावर काय, पाणी सोडावंच लागलं ना.

आणि झेलम अडवा म्हणणाऱ्यांनी एकदा नकाशा उघडा हो. अख्ख्या काश्मीर खोऱ्याचं पाणी बारामुल्लाच्या अरुंद घळीतूनच बाहेर पडतं. तिथे तुंबवलं तर आधी सोपोर बुडेल, मग वरचं श्रीनगर. सप्टेंबर २०१४ मध्ये कोणी काही अडवलं नव्हतं, नुसत्या पावसाने शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला होता. बुडणारी माणसं आपलीच आहेत, हे मेसेज लिहिणाऱ्याच्या डोक्यातही आलेलं नाही आणि मला सगळ्यात जास्त राग त्याचाच येतो.

एक मात्र नाइलाजाने मान्य करतो. हिवाळ्यात चिनाबला पाणी कमी असतं, तेव्हा चार दिवस जरी मागेपुढे केलं तरी खालच्या, पाकिस्तानी पंजाबातल्या शेतकऱ्याला फटका बसतो, पुराची आकडेवारी देणंही थांबवता येतं. त्रास देता येतो, कोरडं करता येत नाही.

दोन वर्षांत राजस्थान? काश्मीरमधल्या एकट्या किशनगंगा वीज प्रकल्पाचं काम २००७ ला सुरू झालं आणि उद्घाटन २०१८ ला, त्यात बोगदा २३ किलोमीटरच्या आसपास, मध्ये पाकिस्तानशी लवादातलं भांडणही झालं. यावर जास्त काय बोलायचं.

आता नेहरू. ८० टक्क्यांचा आकडा खरा आहे. पण ‘फुकट’ म्हणण्याआधी कराराचं कलम ५ वाचा, नेटवर मिळतं. भारताने ६,२०,६०,००० पौंड १० हप्त्यांत द्यायचे, कशासाठी तेही तिथेच लिहिलंय: १५ ऑगस्ट १९४७ ला पाकिस्तानातले जे कालवे पूर्वेच्या नद्यांवर, म्हणजे रावी, बियास, सतलजवर चालत होते त्यांना दुसरीकडून पाणी मिळावं म्हणून तिकडे जी कामं होणार होती, त्यांच्यासाठी. त्या बदल्यात या तिन्ही नद्या आपल्याला मिळाल्या. ज्या राजस्थानात पाणी न्यायच्या गोष्टी चालल्यात, तिथला इंदिरा गांधी कालवा बियास-सतलजच्या संगमावरच्या हरिकेपासूनच निघतो, म्हणजे याच वाटणीतल्या पाण्यावर चालतो.

आणि चीड यायचीच असेल तर याची येऊ दे. याच करारात पश्चिमेच्या नद्यांवर ३.६ दशलक्ष एकर-फूट साठवण करायची मुभा आपल्याला होती, ती आपण पूर्ण वापरलीच नाही. रावी तर पूर्ण आपली, तरी तिचं पाणी वर्षानुवर्षं खाली जात राहिलं, कारण तिच्यावरचं शाहपूरकंडीचं रखडलेलं धरण. पंजाब आणि जम्मू-काश्मीरचा त्याबद्दल समझोता १९७९ चा, धरण उभं राहायला २०२४ उजाडलं. यात पाकिस्तानने काही अडवलं नव्हतं, काका, भांडत होती ती आपलीच दोन राज्यं.