तीन वर्षं घरी बसायचं कुणी?

परवा धाकटी बहीण फोनवर रडत होती. बाळ सात महिन्यांचं, ती नुकतीच कामावर रुजू झालेली, आणि सासरच्या ग्रुपवर सगळीकडे फिरणारी ती पोस्ट येऊन पडली: ‘मातृत्व हाच खरा स्त्रीवाद’. म्हणे आईपण बाईच्या रक्तातच असतं, पहिली तीन वर्षं मूल आईनेच सांभाळायचं, कामावर जाणारी मुलापेक्षा पैसा निवडते. शिवाय आपल्या आज्या घरीच असायच्या.

आज्यांचं आधी उरकते. आमची आजी भातलावणीला जायची, मूल बांधावरच्या झोळीत.

पहिले सहा महिने अंगावरचंच दूध द्यावं, हे डॉक्टरही सांगतात. तेवढं मान्य. पण ते सहा महिने मिळतात कुणाला? मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आली, बहिणीला ती मिळाली. तिच्याकडे बाळ सांभाळायला येणाऱ्या ताईंना मात्र हा कायदा लागूच नाही. त्यांचं तान्हं घरी दहा वर्षांच्या बहिणीपाशी, तिची शाळा बुडते. दुपारी आमच्या बाळाला बाटली पाजून झाली की ताई मोरीत जाऊन आपलं दूध पिळून टाकतात. ही बाई पैसा निवडते?

आणि ‘रक्तातच असतं’ हे लिहिणाऱ्याने एकदा ऊसतोड मजुरांच्या बीड जिल्ह्याकडे बघावं. तिथल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या जातात, याची चौकशी करायला २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तेव्हाच्या पाहणीत ८२ हजारांवर ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. कुणाला कॅन्सरची भीती घातलेली, कुणाला पाळीच्या दिवसांतला खाडा परवडत नव्हता. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरीला धरलेली एक जोडी; उचल, म्हणजे आगाऊ पैसे, आधीच घेतलेली; खाडा पडला की दंड. पोटुशी बाईसुद्धा मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढते. तिच्या आईपणाचं काय होणार हे उचल ठरवते, मजुरांची टोळी नेणारा मुकादम ठरवतो. तिला रक्ताच्या गोष्टी कोणत्या तोंडाने सांगायच्या?

घरात राबणाऱ्या आईचं काम स्त्रीवाद्यांनीही पुरेसं मोजलं नाही, हा पोस्टमधला टोमणा खोटा नाही. पण मग त्या कामाचे पैसे मागा, रजा मागा, पाळणाघर मागा. पोस्टमध्ये यातलं एक अक्षर नाही. ज्या घरात एका पगारावर भागतं, त्या घरची सोय या पोस्टने सगळ्या बायकांचा स्वभाव म्हणून मांडली आहे, तीही स्त्रीवादाच्या नावाने.

बहिणीला म्हटलं, ग्रुपवर उत्तर देत बसू नकोस. उद्यापासून ताईंना बाळ घेऊनच यायला सांग, आणि पगार कापू नकोस.