२५२०: लसाविला चमत्कार म्हणू नका

२२ डिसेंबर, म्हणजे रामानुजन यांची जयंती जवळ आली की आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. त्यात म्हटलेलं असतं: १ ते १० या सगळ्यांनी भाग जाणारी संख्या असूच शकत नाही, असं जगभरचे गणितज्ञ मानत होते. रामानुजन यांनी २५२० शोधली आणि सगळे थक्क झाले. ही अशी एकमेव संख्या. तिचं रहस्य ७ × ३० × १२: आठवड्याचे दिवस, महिन्याचे दिवस, वर्षाचे महिने. खाली हात जोडलेले.

'असूच शकत नाही' हे आधी घेऊ. १ ते १० एकमेकांशी गुणले की ३६,२८,८०० येतात. त्याला या दहांपैकी प्रत्येकाने भाग जाणारच, प्रत्येकजण गुणाकारात बसलाय की! सर्वांत लहान संख्या हवी तर लसावि काढायचा. ८, ९, ५, ७ एवढे पुरतात. २ आणि ४ आठात आले, ३ नवात; ६ आणि १० चे अवयवही यातच आहेत. ८ × ९ × ५ × ७ = २५२०. शाळेच्या वहीत एका ओळीचं काम.

एकमेव? ५०४०, ७५६०, १००८०... २५२० चा पाढा कंटाळा येईपर्यंत म्हणा. यातल्या ५०४० ला १ ते १० ने सलग भाग जातो आणि तिचे ५९ विभाजक आहेत (ती स्वतः सोडून), हे ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोने 'लॉज' (Laws, म्हणजे 'कायदे') या ग्रंथात लिहिलंय. त्याच्या कल्पनेतल्या नगरीत जमीनधारक तेवढेच असायला हवे होते, म्हणजे वाटण्या सोप्या. रामानुजन यांच्या दोन हजारांहून अधिक वर्षं आधीची ही गोष्ट.

कॅलेंडरचं रहस्य मात्र मला आवडतं, कारण गुणाकार बरोबर आहे आणि कारण चूक. ३० × १२ म्हणजे ३६०. वर्ष ३६५ दिवसांचं, आपलं चांद्र वर्ष साधारण ३५४ चं. ३६० कुठलंच नाही. पण ३६० ला १ ते १० पैकी फक्त ७ ने भाग जात नाही. तेवढा ७ गुणला की झालं. आठवड्याला सहा दिवस असते तरी इथे ७ च लागला असता.

राहिले रामानुजन. आपल्याहून लहान कोणत्याही संख्येपेक्षा जास्त विभाजक असलेल्या संख्यांवर त्यांनी १९१५ साली मोठा निबंध प्रसिद्ध केला. त्यावरच केंब्रिजची पदवी मिळाली. २५२० त्या कुळातली खरी, विभाजक ४८. पण त्यांची यादी थेट ६ लाख ७४ हजार ६३२ कोटी ८३ लाख ८८ हजार ८०० पर्यंत जाते, आणि या शेवटच्या संख्येचे विभाजक आहेत १०,०८०. हे सगळं हाताने, संगणक नसताना. यादीत एक संख्या सुटली: २९,३३१ कोटी ८६ लाख २५ हजार ६००. शेवटच्या संख्येला २३ ने भागलं की नेमकी तीच मिळते.