चार हजार दोनशेचं घड्याळ आणि 'आपला माणूस'

गेल्या पावसाळ्यात माझे ४,२०० रुपये गेले. तेव्हा लिहायची लाज वाटली. त्या लाजेपायीच पैसे परत मिळायची जी काय थोडीफार आशा होती तीही गेली, म्हणून आता लिहितोय.

घड्याळ एचएमटी जनता. चावीचं, पांढरी तबकडी, त्यावर देवनागरीत 'जनता'. ज्यांना हा नाद नाही त्यांच्यासाठी सांगतो. एचएमटीनं १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीनं बेंगळूरला घड्याळं करायला घेतली, आणि २०१६ मध्ये सरकारनं ती घड्याळ कंपनी बंद करायचं ठरवलं. म्हणजे जुनं जे काय आहे ते आता लोकांच्या कपाटातलं. नवं दुकानात मागायला जाल तर पोरगं तोंडाकडं बघत बसतंय. मिळतं ते हौशी लोकांकडं. कुणी मास्तर, कुणी मिलिटरीतून रिटायर झालेला, रात्री जेवण झाल्यावर डोळ्याला भिंग लावून बसणारी माणसं. यांच्याकडं ना दुकान, ना बिल, ना जीएसटी नंबर. एक फेसबुक ग्रुप आणि एक मोबाईल नंबर, बस्स.

आपण पुण्याचा म्हणून सांगणारा एकजण भेटला. गोड बोलणारा. "काका, बेळगावचे का तुम्ही? आमची आजी खानापूरची की!" झालं. आम्ही इकडची माणसं इथंच विरघळतो. तहसीलदार कचेरीतला कागद कानडीत, बसची पाटी कानडीत, लाईट बिल कानडीत. दिवसभर तेच वाचून झाल्यावर पलीकडून कुणी 'काका' म्हणून मराठीत बोलला की आपण त्याला जामीन राहायला तयार. भाषा म्हणजे काय आधार कार्ड आहे होय? पण त्या दिवशी माझ्या लेखी होतं.

आधी ५०० टोकन, कारण "दुसरं गिऱ्हाईक थांबलंय". मग संध्याकाळी उरलेले ३,७००. यूपीआयवर नाव भलतंच दिसत होतं. विचारलं तर म्हणाला, "मेव्हण्याचं खातं आहे, माझं लिमिट संपलंय." पाठवले. तिसऱ्या दिवशी "कुरिअरच्या विम्याचे ६५० टाका, घड्याळ मिळालं की परत." तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला. मी चिडलो तसा तो आणखी गोड झाला. "रागावू नका काका, सगळे परत करतो, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका." एवढं मात्र मला ठाऊक होतं. पैसे घ्यायला पिन लागत नाही, स्कॅनही लागत नाही. पिन टाकला की पैसे जातातच, येत नाहीत.

सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी नंबर १९३०, त्याला फोन केला तो आणखी दोन दिवसांनी. घरात सांगायचं कसं, हाच विचार चालला होता. त्या नंबराचा उपयोग लगेच केला तरच. पैसे पुढच्या खात्यात असेपर्यंत अडवता येतात, एकदा एटीएममधून काढले की संपलं. बँकेत गेलो तर तिथल्या बाईंनी शांतपणे समजावलं. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक आहे, तिसऱ्याच कुणी आपल्या खात्यातून परस्पर पैसे काढले आणि आपण तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर आपल्यावर भार येत नाही. पण मी तर स्वतःच्या बोटानं पिन टाकून पाठवले होते. ते 'परस्पर' कुठलं?

घरी येताना सारखं तेच डोक्यात. यूपीआयला शिव्या देणारी पोस्ट नव्हे ही. रोज सकाळी भाजी त्यावरच घेतो. पण भाजीवालीची मेथी आधी पिशवीत पडते, मग फोन निघतो. यूपीआय म्हणजे रोख, एवढं ध्यानात घ्या. सेकंदात जाते आणि परत मागायची सोय नसते. ४,२०० च्या नोटा पाकिटात घालून न बघितलेल्या माणसाला पोस्टानं पाठवाल काय? मी तेच केलं, फक्त पाकीट चिकटवायचे कष्ट वाचले.

आमच्या वडिलांच्या पिढीला हे कळत होतं. पुण्याहून पुस्तक मागवायचं ते व्हीपीनं. पोस्टमन दारात यायचा, पैसे मोजून घ्यायचा, तेव्हा पार्सल हातात. आत दगड निघाला तर नशीब, कारण उघडायच्या आधी पैसे द्यावे लागत. आताच्या कॅश ऑन डिलिव्हरीतही बहुतेक वेळा तेच. त्याहून चांगली सोय ईबे इंडियावर होती, पैसापे नावाची. आपले पैसे मध्ये थांबायचे, माल पोचला की मग विकणाऱ्याला जायचे. ती साईट २०१८ च्या ऑगस्टमध्ये बंद झाली, आणि आमच्यासारखे नादखुळे सगळे ग्रुपांवर आले, जिथं मध्ये थांबणारं कुणीच नाही.

आता मी काय करतो? कार्डानं पैसे घ्यायची सोय असलेली पेमेंट लिंक पाठव म्हणून सांगतो. क्रेडिट कार्डानं दिले आणि माल आलाच नाही तर बँकेकडं तक्रार करून रक्कम परत मागता येते. यूपीआयवर रुपे क्रेडिट कार्ड जोडता येतं खरं, पण ते दुकानदाराच्या क्यूआरवर चालतं, कुणाच्या खासगी आयडीवर नाही. लिंकवर साधारण दोन टक्के कापले जातात म्हणून हौशी माणूस कुरकुरतो. ते दोन टक्के मी देतो. ४,००० वर ८० रुपये. कॅम्पात दोघांनी डोसा खाल्ला तर तेवढे जातातच की.

लिंक नसेल तर मी घड्याळाचा फोटो मागतो, पण माझ्या अटीवर. काटे पावणेचारवर लावायचे, मागचं झाकण उघडायचं आणि शेजारी आजचा पेपर ठेवायचा. ज्याच्याकडं घड्याळ आहे त्याला पाच मिनिटांचं काम. ज्याच्याकडं नाही त्याची आई आजारी पडते.

विकणाऱ्याचीही बाजू आहे, ती सांगायला पाहिजे. मीही पट्टे आणि सुटे भाग विकतो कधीमधी. एकानं पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट टाकला, खात्यात दमडी आली नाही. स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत, बँकेत जमा दिसले तरच पार्सल. दुसऱ्यानं घड्याळ घेतलं, आतलं मशीन बदललं आणि "खराब निघालं" म्हणून परत पाठवलं. त्यामुळं कुणी आगाऊ मागितले की तो चोरच, असंही नाही. गोकाकच्या एका गृहस्थांनी स्वतःच सुचवलं: व्हिडिओ कॉलवर घड्याळ बघा, निम्मे द्या, पार्सलचा नंबर आला की उरलेले द्या. त्यांचं मराठी मोडकं, माझं कानडी त्याहून मोडकं. घड्याळ चौथ्या दिवशी दारात.

परदेशातून मागवताना गोष्ट निराळी. इंग्लंडात असलेल्या भाच्यानं माझ्यासाठी पार्ट घेतले, तेव्हा विकणारा म्हणाला, पेपॅल या ऑनलाइन पैसे पाठवायच्या साईटवर 'फ्रेंड्स अँड फॅमिली' करून पाठव, माझी फी वाचेल. भाच्यानं नकार दिला, आणि बरोबर केलं. त्या रस्त्यानं गेलेल्या पैशाला पेपॅलचं खरेदीदार संरक्षण नाही. 'गुड्स अँड सर्व्हिसेस'नं दिले तर १८० दिवसांपर्यंत वाद उभा करता येतो. फी वाचवायला आपण कुणाचे मित्र नि कुणाची फॅमिली?

जवळपासचा माणूस असला तर मात्र मी एसटी पकडतो. कोल्हापूर, गडहिंग्लजचे लोक निपाणी स्टँडवर भेटतात, हुक्केरीकडचे संकेश्वरला. चहा होतो, घड्याळ कानाला लावून टिकटिक ऐकली जाते, झाकण उघडून बघितलं जातं, आणि मग तिथल्या तिथं यूपीआय. तिकिटाचे पैसे जातात, पण माणूस दिसतो. बायको म्हणते, घड्याळापेक्षा तुम्हाला निपाणीचा चहाच जास्त आवडतोय. असेल की.

येत्या रविवारी परत जाणार आहे. शहापूर, वडगाव, अनगोळ भागात कुणाकडं जनताचा बॅलन्स स्टाफ (आतल्या झुलत्या चाकाची बारीक दांडी) पडून असेल तर आधीच सांगा, तेवढी फेरी वाचेल. पैसे हातोहात. आणि आजी कुठली आहे ते सांगायची गरज नाही.